झाकण लावण्यापूर्वी पूर्ण वाळवावे

शुक्रवार, ६ फेब्रुवारी २००९. संध्याकाळ.

आजपासून डायरी. अक्षर सुवाच्य. इंजिनिअरिंगच्या जर्नलमध्ये एवढं अक्षर काढलं असतं तर एक्स्टर्नलने ते माझ्याकडे भिरकावलं नसतं, मी ते परत त्याच्याकडे भिरकावलं नसतं, आणि पुण्यातलं तिसरं वर्ष सोडून शारजात गुणवंतमामाच्या सोफा-कम-बेडवर आलो नसतो. पण मग आभा भेटली नसती. म्हणजे हे सगळं प्लॅनिंगच होतं.

नोकरी: मामाने चिकटवून दिलेल्या रिअल इस्टेटच्या ऑफिसला जानेवारीतच कुलूप. मी तिथे ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह होतो (ब्रोशरना घड्या घालणे). मंदी जगभर आहे. माझा एकट्याचा दोष नाही.

आज मराठी मंडळींच्या ग्रुपबरोबर शौकाच्या वादीत (वादी म्हणजे डोंगरांमधली खडकाळ दरी) पहिला हाइक. लीडर आभा. दुबई मरीनात आर्किटेक्टच्या ऑफिसात असते. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी, पण चढावर वय दिसत नाही. सॅकच्या पट्ट्यातून आलेली निळी नळी तिने दातात धरली, पाणी ओढलं, आणि मी दगडावरून घसरलो.

सगळे तिला आभाताई म्हणतात. मी म्हणणार नाही. दिवसभर ‘एक्सक्यूज मी’वर भागवलं.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी.

त्या नळीच्या दुसऱ्या टोकाला सॅकमध्ये जी पाण्याची पिशवी असते तिला ब्लॅडर म्हणतात. ग्रुपकडे बऱ्याच आहेत आणि दर आठवड्याला वाढतायत. ज्याची नोकरी जाते तो व्हिसा कॅन्सल करून इंडियाला निघतो, आणि जाताना सोफा विकतो, टीव्ही विकतो, ब्लॅडर मात्र ग्रुपला देऊन जातो. वापरलेलं ब्लॅडर कोण विकत घेणार? प्रत्येकावर मार्करने नाव. आज मी ‘जोगळेकर’मधून पाणी प्यायलो. जोगळेकर आता नाशकात आहेत.

आभाने विचारलं, या सगळ्यांची निगा कोण ठेवेल? सगळे बुटांच्या नाड्या बघायला लागले. मी हात वर केला. ती म्हणाली, वेळ आहे का तुला? वेदांग म्हणाला, त्याच्याकडे तेवढंच आहे. हा वेदांग बँकेत आहे आणि आभाच्या जीपमध्ये कायम पुढच्या सीटवर बसतो. म्हणे नकाशा वाचतो. रागाने मी एका दगडाला लाथ मारली. दगड डोंगराचाच भाग निघाला.

आभाने समजावून सांगितलं. कोमट पाणी, खायचा सोडा, नळीत ब्रश, तोंडाचा रबर काढून वेगळा धुवायचा. मग उलटं टांगायचं. आणि पूर्ण वाळल्याशिवाय झाकण लावायचं नाही. अर्धवट राहिलं की बुरशी.

‘अर्धवट’ म्हणताना ती माझ्याकडे बघत होती. कॉलेजचं तिला कोणी सांगितलं?

निश्चय: राग बंद. अर्धवट काहीही नाही.

शनिवार, १४ फेब्रुवारी.

मुहूर्त चांगला आहे. जगातले प्रेमिक आज गुलाब देतात, मी सकाळपासून नळ्या घासल्या. मला वाटलं होतं, वाळवंटातला देश, पाच मिनिटांत वाळतील. पिशव्यांच्या दोन्ही भिंती आतून एकमेकींना चिकटून बसतात, हवा जातच नाही. डोकं चालवलं. मामीची ताक घुसळायची रवी आत उभी केली. फिट! बाकीच्यांत उलथनं, पळी, झारा, लाटणं.

संध्याकाळी प्रमिलामामीने विचारलं, माझं स्वयंपाकघर कुठे गेलं? मी म्हटलं, वाळतंय. जेवायला ब्रेड.

शुक्रवार, २७ मार्च. गुढीपाडवा.

आज हाइक नाही. मामी बाल्कनीत गुढी उभारायला गेली तर काठीवर आधीच ‘जोगळेकर’ उलटा टांगलेला. मी काल रात्रीपासून वाळत घातला होता. मामी म्हणाली, अरे सणासुदीचं हे काय रे? मी म्हटलं, उलटा तांब्या चालतो तर उलटं ब्लॅडर का नाही? तत्त्व एकच. मामीने तत्त्व ऐकून घेतलं नाही.

शेवटी एका बाजूला गुढी, दुसऱ्या बाजूला झाडूच्या दांड्यावर मी. म्हणजे माझी ब्लॅडर्स. बिल्डिंगचा नातूर, म्हणजे वॉचमन, हमदुल्ला खालून हात जोडून विचारत होता, भाईसाब, ये दूसरा कौन सा भगवान है? मामा म्हणाला, ये रिसेशन का है. मामा विनोद करतो म्हणजे टेन्शनमध्ये आहे. त्याच्या कंपनीतही लिस्ट निघणार अशी हवा आहे.

रविवार, ५ एप्रिल.

आईचा फोन. कधी नव्हे ते मनमोकळं बोललो. ती म्हणाली, दिवसभर काय करतोस? म्हटलं, आई, सध्या ब्लॅडरकडे पूर्ण लक्ष देतोय. आधी फार वास यायचा, आता कमी आहे. खरा प्रॉब्लेम नळीत असतो, तिथे साचून राहतं. मग लांब ब्रश घालून घासावं लागतं.

आई म्हणाली, ब्रश? म्हटलं, हो, पहिल्यांदा जमत नाही, सवय झाली की काही वाटत नाही. तिने विचारलं, हे तुला कोणी सांगितलं करायला? म्हटलं, इथे एक अनुभवी मुलगी आहे, तिनेच सगळं शिकवलं.

 आईचा आवाज भरून आला. फोन बाबांकडे दिला, बाबा पण नुसते ‘बरं, बरं’ म्हणाले.

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना माझा अभिमान वाटला असावा.

शुक्रवार, २४ एप्रिल.

सीझनचा शेवटचा हाइक. आता उकाडा, डोंगर बंद, थेट ऑक्टोबरात सुरू. पाण्याजवळ बसून आभाने माझ्या हातात सगळी ब्लॅडर्स दिली. स्वतःचंसुद्धा! म्हणाली, उन्हाळाभर तुझ्याकडे. ऑक्टोबरात ही स्वच्छ निघाली ना, तर पहिल्या हाइकला तू माझ्या गाडीत पुढे बसायचंस. असिस्टंट लीडर.

शब्दशः असंच म्हणाली. सगळ्यांसमोर.

म्हणजे ठरलं. ऑक्टोबर. पुढची सीट. शारजा ते शौका तासभर रस्ता. तेवढ्या वेळात मी तिला सांगून टाकणार. एक गोष्ट पूर्ण करून दाखवलेल्या माणसाला मुलगी नाही म्हणत नाही.

शनिवार, २५ एप्रिल.

पहिलं तिचं घेतलं. पिशवी सोड्याने, लिंबाने, पुन्हा नुसत्या पाण्याने. आतून टिश्यू फिरवला. रवी घातली (मामी देवळात गेली होती). पंख्याखाली वाळवलं. नळी तोंडाने फुंकून फुंकून कोरडी केली, चक्कर आली. पूर्ण म्हणजे पूर्ण वाळलं.

तोंडाचा रबर मात्र काढला नाही, धुतला नाही. त्यावर दातांचे दोन बारीक ठसे आहेत. वरचा थोडा तिरका. हे धुवायचं? मग लोक किल्ले कशाला जपतात?

रुमालात गुंडाळून डब्यात ठेवलं. आता उरलेली. आजच संपवणार.

त्याच दिवशी, नंतर.

उरलेली धुवून टांगली आणि खाली कोथिंबीर आणायला गेलो. सिग्नलला आभाची जीप. पुढे वेदांग. दोघं हसत होते. शनिवारी! शनिवारी कुठला नकाशा?

वर आलो. सगळी ब्लॅडर्स टांगलेली, खाली थेंब थेंब टपकतंय. कोणासाठी करतोय मी हे? एकेक ओढून काढलं, गच्च झाकणं लावली, सुटकेसमध्ये कोंबली, सुटकेस सोफ्याखाली लाथेने ढकलली. कोथिंबीर खालीच राहिली.

शांत झाल्यावर विचार केला. तशी नव्वद टक्के वाळलीच होती. नव्वद टक्क्यांना डिस्टिंक्शन मिळतं.

मंगळवार, १९ मे.

सुटकेस उघडून बघावी असं दोनदा वाटलं. पण बाहेर हवा अशी दमट की चष्मा पुसला तरी ओला. अशा हवेत उघडणं म्हणजे आत दमटपणाला आमंत्रण. बंद आहे तेच सेफ.

मामीला विचारलं होतं, सुटकेसऐवजी फ्रीजरमध्ये ठेवू का? इंटरनेटवर तसं लिहिलंय, गारठ्यात बुरशी धरत नाही. ती म्हणाली, माझ्या फ्रीजरमध्ये हापूसचा रस आहे, त्याच्या शेजारी कुणाची ब्लॅडरं नकोत, ऐकायलाच कसंतरी होतं.

हल्ली ती मला रोज सकाळी धने-जिऱ्याचं पाणी देते. उन्हाळा बाधू नये म्हणून. माणूस प्रेमळ आहे, फक्त फ्रीजरबाबत हट्टी.

गुरुवार, ११ जून.

नोकरी लागली! मोहिद्दीनभाईंच्या किराणा दुकानात काउंटरवर. मूळचे रत्नागिरीचे, ग्रुपमध्येही येतात. एकदा ब्लॅडरमध्ये ताक भरून आणलं होतं, तेव्हापासून ते पिशवीला पखाल म्हणतात आणि मला पखालजी. आजही म्हणाले, पखालजी, हिशेब राहू दे, आधी गिऱ्हाइकाशी भांडू नको. पहिल्याच तासात एकाशी भांडलो होतो. तो दही उघडून वास घेत होता.

आईने कोणाबरोबर तरी एक मोठी बाटली पाठवली आहे. गोखरूचं चूर्ण. सोबत चिठ्ठी: रोज दोनदा, लाजू नको. अंगात ताकद यावी म्हणून असणार. रोज घेतो. ताकदीचं माहीत नाही, दुकानातून सारखं आत जावं लागतं.

बुधवार, २२ जुलै.

वेदांग चालला. बँकेने काढलं. निरोपाला दुकानात आला. मी चेहरा दगडाचा केला. त्याने स्वतःचं ब्लॅडर काउंटरवर ठेवलं, नळीचा ब्रशही दिला, चांगला, लांब. म्हणाला, तुझ्याइतकं मनापासून हे कोणी करणार नाही यार. मग म्हणाला, आभाताईला सांभाळ.

ताई?

हो म्हणे, मला इथे आल्यावर पहिला डबा ताईनेच दिला. माझ्या साखरपुड्याची साडीसुद्धा तिने निवडली, एप्रिलमध्ये एका शनिवारी घेऊन गेली होती.

मी आत गेलो. गोखरूमुळे नाही. जरा तांदळाच्या पोत्यावर बसलो. बाहेर येऊन त्याला खजुराचं पाकीट दिलं, माझ्या पगारातून. मोहिद्दीनभाई बघतच राहिले.

सुटकेस आज उघडायला हवी. उद्या नक्की.

रविवार, १६ ऑगस्ट.

मामाने गाडीत बसवलं आणि अजमानच्या रस्त्यावर ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर घसा साफ केला. म्हणाला, निनाद, माझ्यापासून लपवू नको, त्रास कधीपासून आहे?

मला वाटलं, आभाचं याला कळलं. आता लपवण्यात अर्थ नव्हता. म्हटलं, फेब्रुवारीपासून.

रात्री उठतोस?

उठतो. दोन-तीनदा.

जळजळ होते?

वेदांग आठवला. म्हटलं, पूर्वी फार व्हायची. जुलैपासून बरीच कमी आहे.

मामाने मान हलवली. म्हणाला, या वयात व्हायला नको होतं रे. म्हटलं, मामा, याच वयात होतं. तो माझ्याकडे बघत राहिला, मागचा हॉर्न वाजवायला लागला. मग माझ्या गुडघ्यावर थोपटून म्हणाला, इन्शाल्ला, होईल बरं. तुझ्या मामीला माहीत आहे, पण ती बोलायला संकोचते.

मामाइतका समजूतदार माणूस नाही. आमच्या प्रेमाला घरातून पाठिंबा आहे.

मंगळवार, २२ सप्टेंबर.

ईदची सुट्टी. सुटकेस उघडली.

वास आधी आला. मग दिसलं. ‘जोगळेकर’ आतून काळा. ‘देवधर’ हिरवा. नळ्यांमध्ये ठिपक्यांची रांग, मुंग्या चालल्यासारखी. एकात तर असं काहीतरी वाढलं होतं की त्याला पाणी घातलं असतं तर फूल आलं असतं.

आपण नव्वद टक्के वाळवलं होतं. बुरशीला दहा टक्के पुरतात. हे इंजिनिअरिंगला शिकवायला पाहिजे होतं. कदाचित चौथ्या वर्षाला असेल.

एक मिनिट रडावंसं वाटलं. मग आभाचा डबा आठवला. ते एक तरी पूर्ण वाळवलंय. उघडून बघितला नाही. तेवढा विश्वास ठेवायला हवा स्वतःवर.

निश्चय: ऑक्टोबरपर्यंत सगळी पांढरी. मागे हटणे नाही.

सोमवार, २८ सप्टेंबर.

सोडा: डाग तसेच. लिंबू: डाग तसेच, वास लिंबाचा. इंटरनेटवर एकाने लिहिलंय, कवळी साफ करायच्या गोळ्या टाका. मामाच्या कपाटात आख्खं पाकीट होतं. एकेका पिशवीत दोन-दोन टाकल्या. काय फेस! निम्मा काळेपणा गेला. विज्ञान म्हणजे विज्ञान.

मंगळवार, २९ सप्टेंबर.

घरात स्फोट. आज मामाच्या कंपनीत ती मीटिंग होती, कोण राहणार आणि कोण जाणार ती. सकाळी मामाला गोळी मिळाली नाही. रात्रीची भेंडी-लसूण कवळीत तशीच. बिचारा मीटिंगभर तोंडच उघडू शकला नाही. नुसता मान हलवत बसला.

दुपारी मामाचा फोन आला. जे बोलले, भांडले, त्यांतले दोघं गेले. साहेब म्हणे, मिस्टर गुणवंत इज अ मॅच्युअर मॅन.

मामा घरी आल्यावर मी त्याला म्हटलं, बघ, माझ्यामुळे वाचलास. मामाने चप्पल शोधली. मामी मध्ये पडली, म्हणाली, अहो जाऊ द्या, त्याची तब्येत बरी नाही.

मला काय झालंय?

गुरुवार, ८ ऑक्टोबर.

मोहिद्दीनभाईंकडून ब्लीच आणलं. त्यांनी विचारलं, पखालीला का? मी म्हटलं, बाथरूमला. ते म्हणाले, खलास, कुणाला सांगत नाही. बाटली मात्र स्वतःच वरून मोठी काढून दिली.

सगळी पांढरी झाली! स्विमिंग पूलसारखा वास येतो, पण हायजिनिक वाटतो. यावेळी घाई नाही. टांगली, रवी, पळी, झारा, सगळं मामीला विचारून. संध्याकाळपर्यंत खडखडीत. हात फिरवला की आवाज येतो.

मग मी झाकणं लावली. एकेक. सावकाश. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी पूर्ण केलं असं वाटलं. खोटं नाही लिहीत.

उद्या. पुढची सीट. बोलायची वाक्यं आरशासमोर म्हणून झाली. सुरुवात: आभा, मला तुझ्याशी थोडं महत्त्वाचं बोलायचंय. ‘एक्सक्यूज मी’ रद्द.

शुक्रवार, ९ ऑक्टोबर. परत आल्यावर.

नीट लिहितो.

पार्किंगमध्ये जमलो. ग्रुप उरला केवढासा: आभा, मी, मोहिद्दीनभाई, एक नवीन जोडपं. बाकी सगळे नुसते ब्लॅडरवरच्या नावांत. आभाने एकेक उघडून बघितलं, वास घेतला. मोहिद्दीनभाई म्हणाले, पाणी पिताना पोहायला गेल्यासारखं वाटेल. पण आभा हसली. खरंच हसली. म्हणाली, वाळवलीस की रे पूर्ण!

मी तिच्या हातात डबा दिला. तिने रुमाल सोडला, पिशवी भरली, नळी दातात धरली, ओढली.

आणि थुंकली. लांब. तीनदा.

रबराच्या आत काळं. नुसतं काळं नाही, केसाळ. बरोबर त्या दोन ठशांवर.

ती म्हणाली, निनाद, बाकी सगळं एवढं चकाचक आणि हे धुतलंच नाहीस? का?

आता ‘का’ला एकच उत्तर होतं. पाठ केलेल्या वाक्यांच्या बरंच पुढचं. नवीन जोडपं बघत होतं. मोहिद्दीनभाई दाढी खाजवत होते, म्हणजे त्यांना सगळं समजलं होतं. ती तोंड पुसत वाट बघत होती. माझ्या तोंडातून जे बाहेर आलं ते असं:

राहिलं, आभाताई.

झालं. फेब्रुवारीपासून जपलेला शब्द. तिचा चेहरा एकदम मऊ झाला. म्हणाली, असू दे रे. एवढं बरं नसताना केलंस हेच खूप. चल, बस पुढे.

पुढे बसलो. जीप निघाली. जे ठरलं होतं ते सगळं तसंच होतं, मी, ती, समोर रस्ता. मी म्हटलं, मला तुझ्याशी थोडं महत्त्वाचं बोलायचंय. ती हळूच म्हणाली, काही बोलू नको, मला तुझ्या मामांनी फोन करून सगळं सांगितलंय. लाजायचं काय त्यात?

मी सीट बेल्ट घट्ट केला. मग तिने पेट्रोल पंपावर गाडी वळवली आणि विचारलं, जायचंय?

कुठे?

ती म्हणाली, अरे, ब्लॅडरचं. मामा म्हणाले, तुला धरवत नाही, रात्री दोन-तीनदा उठतोस. म्हणून तर मोहिद्दीनभाईंचा गुडघा दुखत असून त्यांना मागे बसवलं. तुला मध्येच उतरावं लागलं तर बरं.

आईचा भरून आलेला आवाज. गोखरू. धने-जिरे. अजमानचा रस्ता. सगळं एका झटक्यात डोक्यात रांगेत उभं राहिलं. म्हणजे पुण्यात सगळ्या नातेवाइकांना माहीत आहे. अनुभवी मुलीसकट.

सांगून टाकायला एक वाक्य पुरलं असतं. पण मग पुढची सीट मोहिद्दीनभाईंची. मी दार उघडलं, आत गेलो, आरशात बघितलं, नळ सोडला, बंद केला, परत आलो. ती म्हणाली, बरं वाटलं? म्हटलं, हो ताई.

पुढच्या पंपावर पुन्हा थांबली. पुन्हा गेलो. मागून मोहिद्दीनभाई म्हणाले, पखालजी, यल्ला, चला, सावकाश.

तिसऱ्या पंपावर मात्र खरंच लागली होती.